उंटीण

“डावीकडे घे,” खालून वॉकीटॉकीवर आवाज आला.

“डावीकडे घेते,” ती म्हणाली, आणि तिच्या हाताने दांडा उजवीकडे ढकलला.

क्रेनच्या हुकाला लटकलेला सळयांचा भारा क्षणभर थबकला आणि उजव्या बाजूला निघाला. खाली सळया बांधणारे दोघे जण उड्या मारून पळाले. तिसरा, सिग्नल देणारा, मान वर करून तसाच उभा राहिला. आपण सांगितलं एक आणि घडतंय भलतंच, हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागला.

“थांब! थांब! थांब!”

तिला ते स्वच्छ ऐकू आलं. आपण डावीकडेच चाललोय, मग हा कशाला बोंबलतोय, असं तिला वाटलं. मग तिने काचेतून खाली पाहिलं आणि दांडा सोडला. पण झोक्यात आलेला भारा काही हुकूम ऐकून जागच्या जागी थांबत नाही. त्याचं एक टोक सिग्नलवाल्याच्या हेल्मेटला लागलं, हेल्मेट उडालं, तो फळ्यांच्या ढिगावर आपटला आणि त्याचं कोपर फुटलं.

मग वॉकीटॉकीवर, ज्याच्या ज्याच्या कमरेला तो डबा होता त्या प्रत्येकाला ऐकू जाईल असा, त्याचा आवाज आला.

“मुद्दाम! मारायला निघाली होती मला, मुद्दाम!”

सिग्नलवाला तिचा सख्खा दीर होता.

घरातलं भांडण कामावर न्यायचं नाही म्हणतात. या दोघांनी ते रोज डब्यासारखं बरोबर नेलं होतं. क्रेन चालवायच्या प्रशिक्षणाला आधी नाव त्याने घातलं होतं. पहिल्याच दिवशी शिडीच्या मध्यावर त्याला गरगरलं, तो शिडीला मिठी मारून बसला आणि दोघांनी त्याला पावलापावलाने खाली आणलं. पुढच्या वर्षी ती गेली आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला जावं तशी वर पोचली. सासूने तिचं कौतुक केलं. कौतुक केलं ते ठीक, पण ते धाकट्या मुलाच्या देखत केलं, तिथे बिनसलं. तेव्हापासून तो वहिनीला पाण्यात पाहायचा, आणि वहिनीही काही साधुसंत नव्हती.

घरी दोघं एकमेकांशी अगदी रीतसर वागत. “वहिनी, वाढताय ना?” “घ्या ना भाऊजी.” साइटवर मात्र नियम असा की वॉकीटॉकीवर मोजके शब्द बोलायचे, अहो-जाहो नाही. घे, थांब, सोड, उचल. सांगितलेलं तिने परत म्हणायचं, मगच हात हलवायचा. ते एकेरी ‘थांब’ त्याच्या तोंडाला साखरेसारखं लागायचं, हे तिला इतक्या उंचावरूनही कळायचं.

प्रथमोपचाराच्या खोलीत तिला बसवलं तेव्हा तिला काहीच झालेलं नव्हतं. नियम म्हणून बसवलं होतं. दिराच्या कोपराला शेजारच्या पडद्याआड टाके घालणं चाललं होतं आणि तो प्रत्येक टाक्याला एक याप्रमाणे तिचा उद्धार करत होता. अर्धे टाके घालून परिचारिका तिच्याकडे आली तीच वैतागलेली.

“हात इकडे करा.”

परिचारिकेने तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. उभी घडी तशीच राहिली, मग सावकाश ओसरली.

“सकाळपासून काय प्यायलात?”

“चहा.”

“केवढा?”

“अर्धा कप.”

“आणि पाणी?”

ती नखाने टेबलाची कड खरवडू लागली.

“मी भिंतीशी बोलत नाहीये. पाणी?”

“संध्याकाळी पिते. घरी गेल्यावर.”

“रोज?”

“रोज.”

परिचारिकेने ग्लास भरून तिच्यापुढे आपटला. थोडं पाणी टेबलावर सांडलं. “घोट घोट प्या. घटाघटा पिऊन परत माझ्याच फरशीवर ओकू नका.”

पाणी न पिण्यामागे काही तत्त्व नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ती एकदा दुपारी खाली उतरली होती. क्रेन थांबली की सगळी साइट थांबते. संडास साइटच्या पार दुसऱ्या टोकाला, सिमेंटच्या गोदामामागे, आणि बायकांच्या संडासाची कडी तुटलेली. ती शिडीवर असतानाच दिराने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, “मंडळी, कामं थांबवा, बाईसाहेब मोकळ्या व्हायला निघाल्यात.” साइट हसली. ती खाली पोचेपर्यंत माणसं माना वर करून बघत होती, आणि परत वर जाईपर्यंतही. पुरुष चालकांचं बरं असतं, ते केबिनमध्ये बाटली ठेवतात. तिने दुसऱ्या दिवसापासून पाणीच सोडलं.

आणि मग, माणूस कशाचाही अभिमान धरू शकतो, तिने याचाही धरला. सकाळी वर गेली की संध्याकाळीच खाली. एकही चालक असं करत नव्हता. यावरही दिराची जीभ चाललीच. “लोक उंटावरून शेळ्या हाकतात,” तो म्हणाला, “आमच्याकडे उंटीणच वर बसलीय. पाणी नाही, काही नाही.” नाव चिकटलं. तिला समोरून कुणी म्हणायचं नाही, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं.

“डोकं दुखतं?” परिचारिकेने विचारलं.

“दुपारनंतर. उन्हाने.”

“उन्हाने! केबिनला छत नाही का? शब्द अडकतात? घरी एखादी वस्तू कुठे ठेवली आठवत नाही? बोलायचं एक असतं आणि तोंडातून, हातून भलतंच होतं?”

परवा तिने चहात दोनदा साखर घातली होती आणि त्याच्या आदल्या दिवशी किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. सासूने ते मोठ्याने सांगून सगळ्यांना हसवलं होतं. त्यावर ती सासूवर इतकी खेकसली होती की नवरा जेवण सोडून उठून आत आला.

“होतं कधीकधी,” ती म्हणाली.

“मेंदूचा बराचसा भाग पाणीच असतो, बाई. तो काही लाकडाचा नाही. शरीर कोरडं पडलं की आधी लक्ष उडतं, मग आठवण दगा देते. आणि स्वभाव तर काय, विचारूच नका.”

तिने ग्लास खाली ठेवला. “स्वभाव?”

“चिडचिड होते. साध्या साध्या गोष्टींचा संताप येतो. माणसं डोक्यात जातात.”

पडद्याआडून दीर म्हणाला, “आमच्या घरात या विकाराला औषध नाही.”

“तुम्ही गप्प बसा, उरलेले टाके मलाच घालायचेत,” परिचारिका त्याच्याकडे न बघता म्हणाली.

“पण पाणी प्यायलं की ते जातं?” तिने हळू आवाजात विचारलं. “राग वगैरे?”

“जातं ना. कोरडेपणाने आलेलं असेल तर जातं. प्या.”

तिने तो ग्लास संपवला आणि मग स्वतःहून दुसरा भरून घेतला.

घरी त्या संध्याकाळी दीर आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. सासू दोन्ही खोल्यांमध्ये ये-जा करत राहिली, दोन्हीकडे तिने तेच वाढलं आणि दोन्हीकडे तोंड तेवढंच आंबट ठेवलं. नवरा बाहेर पायरीवर बसला होता. ती भांडी आवरून त्याच्या शेजारी येऊन बसली.

“उद्या चौकशी आहे,” ती म्हणाली. “पाणी कमी पडल्यामुळे झालं, असं त्या परिचारिकेने लिहून दिलंय.”

“हं.”

“नुसतं हं काय?”

तो भांडखोर माणूस नव्हता. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये राहून राहून तो दोन्हीकडून झिजलेला होता.

“तू मुद्दाम नाही ना केलंस?” त्याने विचारलं.

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. “तुम्हाला तसं वाटतं?”

“मला काही वाटत नाही. मी विचारतोय.”

“विचारता म्हणजेच वाटतं.”

“तूच म्हणाली होतीस,” तो शांतपणे म्हणाला. “गेल्या महिन्यात. तो त्या पाहुण्यांसमोर तुझी थट्टा करत होता तेव्हा. आत येऊन म्हणालीस, एक दिवस याच्या डोक्यात घालीन.”

“असं सगळेच म्हणतात!”

“हो, म्हणतात.”

ती उठून आत गेली. माठाजवळ उभं राहून ती पाणी प्यायली. पिता पिता तिने स्वतःला बजावलं की हे सगळं कोरड्या डोक्याचं काम होतं. तो दिवस, त्याआधीचे कित्येक दिवस, ती सगळी जळफळ. आता ती निघून जाईल. परिचारिकेने सांगितलं होतं. तिला खरोखर तशी आशा होती, आणि एवढी आशा तिने बऱ्याच दिवसांत कशाची केली नव्हती.

चौकशी साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात झाली. सुरक्षा अधिकारी नीटनेटका गृहस्थ होता. कारण सापडलं की अपघात संपला, असं त्याचं मत होतं, आणि इथे तर कारण आयतं लिहून आलं होतं. त्याने परिचारिकेचा कागद वाचला, मान डोलावली आणि तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही पाणी का पीत नव्हता?”

“खाली उतरावं लागू नये म्हणून.”

“उतरायला बंदी आहे का कुणाची?”

तिने दिराकडे पाहिलं. तो पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि आता ती सगळं सांगणार म्हणून त्याने मान आधीच खाली घातली होती. पण ती बोलली नाही. त्याला वाचवायचं होतं म्हणून नव्हे. एका थट्टेने आपण एवढ्या खचलो, हे या अधिकाऱ्यापुढे कबूल करायला तिची जीभ रेटेना.

“बंदी नाही,” ती म्हणाली.

“मग यापुढे दिवसातून तीनदा क्रेन थांबेल. तुम्ही खाली याल. पाणी वर घेऊन जाल आणि प्याल. संडासाची कडी आजच बसवून घेतो.” लिहिता लिहिता तो थांबला. “याखेरीज दुसरं काही कारण?”

“नाही.”

“बरं. आता तुमचं.” तो दिराकडे वळला. “नियमाप्रमाणे अपघातानंतर सिग्नलवाल्याची संमती लागते. तुम्ही यांच्या भाऱ्याखाली पुन्हा उभे राहाल का? नाही म्हणालात तर मला चालक बदलावा लागेल. यांना दुसरी जागा मिळेलच असं नाही.”

ऑफिसात पंखा घरघरत होता. तिची केबिन, ती काच, तो दांडा, वर्षभर घाम गाळून मिळवलेली ती जागा, सगळं आता या माणसाच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि ही जीभ काय चीज आहे ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. नुसतं ‘नाही’ म्हणायचा अवकाश. तिने मनातल्या मनात सामान आवरायलाही घेतलं.

दिराने मान वर केली. त्याने साइटवर कधीच वापरला नव्हता तो शब्द वापरला.

“वहिनी, पाण्याचंच होतं ना? दुसरं काही नव्हतं ना?”

त्याचा चेहरा पाहून ती चपापली. तिथे कुरघोडी नव्हती. तो घाबरलेला होता. कालपासून घाबरलेलाच होता, आणि त्याला उत्तर हवं होतं, कुठलंही नव्हे, एकच.

“नाही हो भाऊजी,” ती म्हणाली. “दुसरं काय असणार?”

त्याने सुस्कारा सोडला. “मग राहतो उभा.”

दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन वर गेली. सकाळची पहिली विश्रांती आली तेव्हा तिने वॉकीटॉकीवर सांगितलं, “खाली येतेय.” साइट थांबली. कुणीतरी शीळ घातली. लगेच दिराचा आवाज आला, “ज्याला हसायचंय त्याने भाऱ्याखाली येऊन हसावं. जागा मोकळी आहे.” शीळ बंद पडली. ती शिडी उतरत होती, आणि एकेका पायरीगणिक तिला त्याच्या या उपकाराचा राग येत होता. आग लावायची यानेच, आणि बंब घेऊनही यानेच यायचं. संडासाची नवी कडी नीट बसत होती. ती आत जरा जास्तच वेळ उभी राहिली. राग उतरायची वाट बघत होती.

दुपार झाली. रोज या वेळेला डोळ्यांच्या मागे खिळा ठोकल्यासारखं दुखायचं, ते आज दुखलं नाही. जीभ टाळ्याला चिकटली नाही. तिने दुसरी बाटली अर्धी केली आणि खाली पाहिलं. सगळं कसं धुऊन काढल्यासारखं दिसत होतं: फळ्यांच्या कडा, वाळूच्या ढिगाऱ्यावरच्या बुटांच्या खुणा, सळयांच्या भाऱ्याला बांधलेली गंजकी तार. दांड्यावरचा हात हलका होता. आजवर आपण अर्ध्या डोक्याने काम करत होतो हे तिला आत्ता कळलं, आणि त्याची भीतीही वाटली.

दीर आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. त्याच्या कोपराची पट्टी वरून पांढरी दिसत होती.

“उचल.”

“उचलते.”

भारा जमिनीवरून सुटला, हळूहळू वर आला, आणि परवाच्याच उंचीवर, तिच्याकडून पाहता त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला स्थिर झाला.

“डावीकडे घे.”

तिने ते परत म्हटलं नाही. दांडा तिच्या मुठीत होता. कुठली बाजू डावी आणि कुठली उजवी, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र गोंधळ नव्हता. गढूळ पाणी निवळलं की तळ दिसतो, तसा तिला तिचा राग दिसत होता. तो गेला नव्हता. उन्हाचा नव्हता, तहानेचा नव्हता, चहात दोनदा पडलेल्या साखरेच्या जातीचाही नव्हता. पाहुण्यांसमोरचं ते हसू, शिडीवर वर वळलेल्या त्या माना, प्रत्येक ‘थांब’मधली ती चव, सगळं आपापल्या जागी होतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध पट्टी बांधलेला एक माणूस तिच्या शब्दावर विसंबून भाऱ्याखाली उभा होता.

“डावीकडे घे,” तो पुन्हा म्हणाला. “ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“मग?”

“भाऊजी, बाजूला व्हा.”

साइटवर ज्यांच्या कमरेला डबे होते त्यांची कामं थांबली. वॉकीटॉकीवर भाऊजी हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता.

“मी माझ्या जागेवरच उभा आहे,” तो म्हणाला. “नियमाप्रमाणे.”

“माहीत आहे.”

“पाणी प्यायलात ना?”

“पोटभर.”

“डोकं दुखतंय का? दुखत असेल तर सांगा, आपण थांबू.”

“नाही,” ती म्हणाली. “डोकं अगदी स्वच्छ आहे. म्हणूनच सांगतेय.”

त्याने मान वर केली. एवढ्या अंतरावरून तिला त्याचे डोळे दिसत नव्हते, आणि काचेवरच्या उन्हामुळे त्यालाही तिचा चेहरा दिसत नसणार. मग तोंड तिच्याकडेच ठेवून तो मागे सरकला, एकेक पाऊल, वाळूच्या ढिगापर्यंत.

“इथे?” त्याने विचारलं.

“अजून.”

तो ढिगाच्याही मागे गेला. मग तिने भारा डावीकडे घेतला आणि जिथे उतरवायचा होता बरोबर तिथेच उतरवला.